नसलेल्या पत्त्यांवर येणारी मेल दारातच कशी परतवायची?

खडूफळा | सोमवार, सकाळी ११.१२

नमस्कार मंडळी,

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात सिस्टिम अॅडमिन आहे. सेटअप माझ्या आधीच्या माणसानं उभा केलेला. पुढे पोस्टफिक्सचा (मेलची ने-आण करणारा प्रोग्रॅम) गेटवे, त्यावरच स्पॅम फिल्टर. मागे दुसऱ्या मशीनवर खरा मेल सर्व्हर, तिथेही पोस्टफिक्स आणि डव्हकॉट (लोकांना त्यांची मेल उघडून देणारा प्रोग्रॅम). बाहेरून येणारी मेल गेटवे घेतो आणि मागे ढकलतो.

त्रास असा की गेटवेची रांग कायम तुंबलेली. 'पोस्टक्यू -पी' मारलं की पानंच्या पानं मेलर-डीमन, म्हणजे सर्व्हरनं स्वतःच्या नावानं काढलेल्या मेल. लॉगमध्ये दिसतं ते असं: गेटवेनं मेल घेतली, मागच्या सर्व्हरनं '५५० ५.१.१ यूजर अननोन' म्हणून नाकारली, मग गेटवेनं स्वतः बाउन्स ('मेल पोचली नाही' असं कळवणारी मेल) तयार करून पाठवणाऱ्याला धाडला. पाठवणारे पत्ते बहुतेक खोटे. जे खरे आहेत त्या लोकांनी आम्हाला कधी काही पाठवलेलंच नाही. आता आमचा आयपी एका ब्लॅकलिस्टवर (स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीवर) गेलाय आणि ऐन प्रवेशाच्या तोंडावर पालकांना जाणाऱ्या मेल अडकताहेत.

प्राचार्यांचं म्हणणं, ज्या पत्त्याचा मालक सापडत नाही ती सगळी मेल ऑफिसच्या एका खात्यात वळवा, म्हणजे काही हुकायला नको. मला ते पटत नाहीये, पण नीट कारण सांगता येत नाही. काय करावं?

सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे लिहितोय, समजून घ्या.

गप्पीदास | सोमवार, सकाळी ११.३१

प्राचार्यांना म्हणावं ते खातं तुम्हीच वाचा. दोन दिवसांत विषय मिटेल. हलकेच घ्या.

रात्रपाळी | सोमवार, दुपारी १२.०५

खडूफळा, तुमचं निदान तुम्हीच लिहिलंय. गेटवेला माहीतच नाही आत कोण राहतं. सोसायटीच्या वॉचमननं सगळी पार्सलं सही करून घ्यायची आणि मग 'या नावाचं इथे कोणी नाही' म्हणून पार्सलावरच्या पत्त्यावर स्वखर्चानं परत पाठवायची, असं चाललंय. पार्सलावरचा पत्ता खोटा असेल तर तिसऱ्याच्याच दारात कचरा. याला बॅकस्कॅटर म्हणतात, आणि ब्लॅकलिस्टवर जायचं ते एक ठरलेलं कारण आहे.

नाकारायची जागा एकच: समोरचा सर्व्हर 'आरसीपीटी टू' (मेल कोणाला द्यायची ते) म्हणतो तो क्षण. मजकूर अजून आलेला नसतो. संवाद असा व्हायला हवा:

तिकडून: मेल फ्रॉम, अमुक
इकडून: २५० २.१.० ओके
तिकडून: आरसीपीटी टू, नसलेला पत्ता
इकडून: ५५० ५.१.१ रेसिपियंट अॅड्रेस रिजेक्टेड: यूजर अननोन इन रिले रेसिपियंट टेबल

इथे तुमचं काम संपलं. बाउन्स करायचा की नाही हे आता त्या सर्व्हरनं बघायचं. पलीकडे स्पॅमचा बॉट असेल तर तो पुढच्या पत्त्याकडे जातो, कोणालाच काही जात नाही. पलीकडे खरा पालक असेल आणि त्यानं जीमेलवरून पाठवलं असेल तर जीमेलच त्याला मिनिटभरात कळवतं की हा पत्ता अस्तित्वात नाही.

एकदा का तुम्ही मजकूर घेऊन शेवटी २५० दिलात, की जबाबदारी तुमची. पोचवा, नाहीतर पोचली नाही असं कळवा. एसएमटीपीचा (सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या भाषेचा) नियम आहे हा, आरएफसी ५३२१ या मानक दस्तऐवजात. तुमचा गेटवे नियमानंच वागतोय, फक्त हो म्हणायची घाई करतोय.

आता उपाय. गेटवेवर तुमचं डोमेन 'रिले_डोमेन्स' (ज्यांची मेल मागे ढकलायची ती डोमेन) मध्ये असणार. 'रिले_रेसिपियंट_मॅप्स' बघा, त्या डोमेनवरच्या खऱ्या पत्त्यांची यादी तिथे द्यायची असते. माझा अंदाज, ते रिकामं आहे. ते रिकामं असलं की पोस्टफिक्स त्या डोमेनवरचा कुठलाही पत्ता चालवून घेतं.

खडूफळा | सोमवार, दुपारी १२.४०

हो, रिकामंच आहे! पण मागच्या सर्व्हरवर मी असं काहीच लावलेलं नाही, तरी तो नाकारतो. तो कसा काय?

रात्रपाळी | सोमवार, दुपारी १.१५

कारण तिथे पत्ते 'लोकल' आहेत. 'लोकल_रेसिपियंट_मॅप्स' आपोआप सिस्टिमची पासवर्ड फाईल आणि एलियस (खऱ्या खात्याकडे वळवलेले टोपणपत्ते) फाईल बघतं. पोस्टफिक्स २.० पासून, म्हणजे २००२ च्या अखेरीपासून, हे मुळातच चालू असतं. व्हर्च्युअल मेलबॉक्स, म्हणजे सिस्टिमचे यूजर नसलेली खाती, असतील तर 'व्हर्च्युअल_मेलबॉक्स_मॅप्स' मधून यादी मिळते. रिलेच्या बाबतीत मात्र पोस्टफिक्सला यादी कुठून मिळणार? ती दुसऱ्या मशीनवर आहे. म्हणून तो भाग आपल्यावर सोडलाय आणि म्हणूनच तो राहून जातो.

दोन रस्ते आहेत.

पहिला, यादी द्या. एक साधी फाईल, दर ओळीला पूर्ण पत्ता, पुढे मोकळी जागा आणि 'ओके'. 'पोस्टमॅप' (फाईल पोस्टफिक्सला शोधता येईल अशी करणारी आज्ञा) चालवा, फाईलचं नाव 'रिले_रेसिपियंट_मॅप्स' मध्ये घाला, रीलोड. तपासायला 'पोस्टमॅप -क्यू' आणि पत्ता. ओके छापलं तर आहे, काहीच छापलं नाही तर नाही.

दुसरा, विचारून घ्या. 'एसएमटीपीडी_रेसिपियंट_रिस्ट्रिक्शन्स' मध्ये 'रिजेक्ट_अनव्हेरिफाईड_रेसिपियंट' घाला. अनोळखी पत्ता आला की गेटवे मागच्या सर्व्हरला जोडतो, आरसीपीटी पर्यंत जातो, उत्तर ऐकतो आणि मेल न पाठवताच बाहेर पडतो. ऐकलेलं उत्तर लक्षात ठेवतो. हे 'रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन' (परक्या डोमेनची मेल नाकारणारा नियम) च्या नंतरच लिहा. आधी लिहिलंत तर जगातल्या कुठल्याही डोमेनचा पत्ता तपासायला तुमचा गेटवे धावेल.

यादी ठेवायची शिस्त असेल तर पहिला रस्ता. नसेल तर दुसरा. कॉलेज म्हणताय म्हणून सांगतो, दुसरा.

जुनाखोड | सोमवार, दुपारी २.२२

रात्रपाळींना मोदक.

थोडं अवांतर. आमच्या वेळी क्यूमेल नावाचा मेल सर्व्हर असायचा, १९९८ मधली १.०३ आवृत्ती. तो लिहिणाऱ्या बर्नस्टाईन साहेबांनी तो सुरक्षेच्या बाबतीत अभेद्य केला होता, पण त्याचा दारावरचा प्रोग्रॅम डोमेन आपलं आहे एवढंच बघून सगळं आत घ्यायचा. पत्ता आहे की नाही ते नंतर, वेगळ्या प्रोग्रॅमला कळायचं. तेव्हा ते खपून जायचं, कारण खोट्या प्रेषकाचं प्रमाण कमी होतं.

मग ऑगस्ट २००३ मध्ये सोबिग-एफ आला आणि पाठोपाठ जानेवारी २००४ मध्ये मायडूम. हे वर्म (आपोआप पसरणारे व्हायरस) एका माणसाच्या अॅड्रेस बुकमधून दोन पत्ते उचलायचे, एकाला 'प्रेषक' करायचे, दुसऱ्याला पाठवायचे. आमच्या ग्राहकांना स्वतः न पाठवलेल्या मेलचे बाउन्स ढिगानं यायचे आणि ते फोन करून आम्हालाच झापायचे. तेव्हापासून क्यूमेलला पॅच मारल्याशिवाय कोणी उभा करायचं नाही. आज नवीन सर्व्हर कोणी क्यूमेलवर करत नाही, पण 'घे आधी, बघू नंतर' ही वृत्ती सेटिंगमध्ये अजून जिवंत आहे, हे तुमच्या धाग्यावरून दिसतंच आहे.

नवशिक्या | सोमवार, दुपारी ३.०१

बाळबोध प्रश्न. नाकारण्यापेक्षा गुपचूप फेकून दिलं तर? ५५० दिलं की स्पॅमवाल्याला कळतं की कोणता पत्ता खरा आणि कोणता खोटा. नावांची डिक्शनरी घेऊन बसला तर आपली सगळी यादी त्याच्या हातात.

तिखटमीठ | सोमवार, दुपारी ३.४४

प्रश्न बाळबोध नाही, आमच्याकडे याच्यावर ऑडिटरशी वाद झालेत.

नवशिक्या, फेकून देण्यात मरतो तो साधा माणूस. त्यानं पत्त्यात एक अक्षर चुकवलं, सर्व्हर म्हणाला मिळालं, आणि मेल खड्ड्यात. तो आठ दिवस उत्तराची वाट बघतो, मग तुमच्या नावानं शंख करतो. टेंडरच्या शेवटच्या दिवशी असं झालं की काय होतं ते मी बघितलंय.

पत्ते हुडकणाऱ्यांचा बंदोबस्त वेगळा करायचा. त्यांना ५५० मिळू दे, पण सावकाश आणि मोजून मिळू दे. पोस्टफिक्समध्ये एका जोडणीत चुका वाढल्या की ते प्रत्येक उत्तर लांबवायला लागतं आणि 'एसएमटीपीडी_हार्ड_एरर_लिमिट', मुळात २०, गाठली की जोडणीच तोडतं. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज मेल सर्व्हरमध्ये टारपिट, म्हणजे मुद्दाम केलेला उशीर, आहे, मुळात ५ सेकंदांचा. वर फेल-टू-बॅन (वारंवार चुकणाऱ्या आयपीला अडवणारा प्रोग्रॅम) लावा. 'व्हीआरएफवाय' ही पत्ता आहे का ते विचारणारी आज्ञा बंद करा, तिचा आज कोणालाच उपयोग नाही.

आणि खरं सांगू का, कॉलेजच्या शिक्षकांचे पत्ते वेबसाईटवर फोटोसकट लावलेले असतात. तिथे लपवायचं काय!

नवशिक्या | सोमवार, दुपारी ३.५८

पटलं. निम्मं. बँकेसारख्या ठिकाणी मी तरी अजून विचार करीन.

तिखटमीठ | सोमवार, दुपारी ४.१०

करा. पण बँकेतसुद्धा फेकायचं ठरलं तर ते लेखी असू दे, कोणाच्या सहीनं ठरलं त्यासकट.

म्हापसेकर | सोमवार, संध्याकाळी ६.३०

इथे सगळे मोठ्या सर्व्हरवाले दिसतात. माझी गिऱ्हाइकं म्हणजे गेस्ट हाऊस, टॅक्सीवाले, एक-दोन डॉक्टर. सगळं सीपॅनेलवर, म्हणजे वेबसाईट आणि मेल सांभाळायच्या पॅनेलवर. त्यांच्यासाठी लिहितो, कोणाला उपयोग होईल.

सीपॅनेलमध्ये 'डिफॉल्ट अॅड्रेस' नावाचं पान असतं. नसलेल्या पत्त्यावरच्या मेलचं काय करायचं ते तिथे ठरतं. एररसकट नाकार, कुठल्यातरी पत्त्यावर पाठव, किंवा गुपचूप टाकून दे. खाली एक्झिम हा मेल सर्व्हर असतो आणि डोमेनच्या फाईलमध्ये चांदणीपुढे ':फेल: नो सच यूजर हिअर' अशी ओळ असते. तेच ठेवा. ':ब्लॅकहोल:' म्हणजे वर तिखटमीठ ताई म्हणाल्या तो खड्डा.

यातलाच दुसरा घोळ मी सतत बघतो. गिऱ्हाईक मेल गूगलकडे नेतं, वेबसाईट माझ्याकडेच ठेवतं. एमएक्स (डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरला द्यायची ते सांगणारी डीएनएसमधली नोंद) बदललेला असतो, बाहेरून मेल व्यवस्थित येते. पण वेबसाईटवरचा बुकिंगचा फॉर्म भरला की 'नो सच यूजर हिअर'. कारण सर्व्हर अजून समजतो की हे डोमेन माझंच, बघतो तर खातं नाही, नाकारतो. एमएक्स बघायला जातच नाही. 'ई-मेल रूटिंग' मध्ये जाऊन 'लोकल' चं 'रिमोट' केलं की सुटतं. गिऱ्हाईक सहा महिने म्हणत असतं यंदा सीझनच थंड.

रात्रपाळी | सोमवार, संध्याकाळी ७.०५

हा हा. पोस्टफिक्सवाल्यांसाठी तोच आजार: डोमेन बाहेर हलवलं पण 'मायडेस्टिनेशन' (आपल्याच मशीनवरच्या डोमेनची यादी) मधून काढलं नाही.

डब्लिनकर | सोमवार, रात्री ११.४८

उशिरा येतोय, इथे आत्ता कुठे संध्याकाळ.

मायक्रोसॉफ्ट ३६५ वर असाल तर हेच काम 'डिरेक्टरी बेस्ड एज ब्लॉकिंग' करतं. डोमेन 'ऑथॉरिटेटिव्ह' असेल तर डिरेक्टरीत नसलेला पत्ता बाहेरच ५५० ५.४.१ नं अडतो. 'इंटर्नल रिले' असेल तर सगळं आत. स्थलांतराच्या काळात लोक इंटर्नल रिले करतात, कारण अर्धी खाती जुन्या सर्व्हरवर असतात, आणि काम संपल्यावर परत फिरवायचं विसरतात.

स्वतःच्या इमारतीतल्या एक्स्चेंजबद्दल एक सावधगिरी. रेसिपियंट फिल्टर एज (बाहेरच्या टोकाच्या) सर्व्हरवर लावा. २०१३ पासूनच्या आवृत्त्यांत तो मेलबॉक्स सर्व्हरवर लावला आणि एका मेलमध्ये चार पत्ते बरोबर, एक चूक असला, तर अख्खी मेल नाकारली जाते. पाठवणाऱ्याला कळतच नाही की नेमकं कोण चुकलं.

धागाकर्ते, तुमच्याकडे दुसरा एमएक्स आहे का?

खडूफळा | मंगळवार, सकाळी ९.२०

सगळ्यांचे आभार. एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

डब्लिनकर, आहे. नेट पुरवठादाराच्या पॅकेजमध्ये आलेला. आमचा गेटवे बंद असला की मेल तिथे साठते आणि नंतर आमच्याकडे येते.

डब्लिनकर | मंगळवार, दुपारी १.३०

आणि तुमच्या खात्यांची यादी त्याच्याकडे नाही. बरोबर? मग समोरचं दार कितीही बंद करा. स्पॅमवाले मुद्दाम कमी प्राधान्याच्या एमएक्सवर येतात, कारण तिथे पहारा ढिला असतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तो सर्व्हर घेणार, तुम्हाला देणार, तुम्ही ५५० देणार, मग तो बाउन्स काढणार. कचरा तोच, फक्त दुसऱ्याच्या आयपीवरून.

काढून टाका. गेटवे दिवसभर बंद राहिला तरी पाठवणारे सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. आरएफसीत किमान ४-५ दिवस सांगितलेत, पोस्टफिक्सची मुळातली मुदत ५ दिवस. मेल हरवत नाही, उशिरा येते.

जुनाखोड | मंगळवार, दुपारी २.०५

बॅकअप एमएक्स हा मोडेमच्या काळातला दागिना. काढा खुशाल.

नवशिक्या | मंगळवार, दुपारी २.०६

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). दोनदा पडला.

खडूफळा | मंगळवार, संध्याकाळी ५.५०

दुसरा एमएक्स डीएनएसमधून काढला. गेटवेवर व्हेरिफिकेशन लावलं. रांग उतरताना दिसतेय! पण दोन शंका आहेत.

लॉगमध्ये नाकारलेल्या पत्त्यांना ५५० नाही, ४५० दिसतंय. आणि आमचं एक जुनं डोमेन आहे, कॉलेजचं नाव बदलायच्या आधीचं. त्यावरचं सगळं अजून आत येतंय, नसलेले पत्तेसुद्धा. बाउन्स तिथून चालूच.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ९.१५

४५० मुद्दाम आहे. 'अनव्हेरिफाईड_रेसिपियंट_रिजेक्ट_कोड' मुळातच ४५० असतो, म्हणजे 'आत्ता नाही, नंतर बघा'. काही चुकून नाकारलं जात असेल तर पाठवणारा पुन्हा येतो, मेल जात नाही. चार-पाच दिवस असंच राहू दे. लॉगमधले नाकारलेले पत्ते गाळून काढा आणि एकेक डोळ्यांखालून घाला. खरा पत्ता दिसला तर दुरुस्त करा. मग ५५० करा. हे दुसरं पाऊल नक्की टाका, नाहीतर पालकाला चूक कळायला पाच दिवस लागतील.

यादीचा रस्ता घेणाऱ्यांसाठी हीच सोय 'अननोन_रिले_रेसिपियंट_रिजेक्ट_कोड' मध्ये आहे. तो मुळात ५५० असतो, चाचणीपुरता ४५० करता येतो. 'सॉफ्ट_बाउन्स' चालू करायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसेल, पण त्यानं एकूण एक कायमचा नकार तात्पुरता होतो, स्पॅमचेसुद्धा. मला तो हत्तीचा डोस वाटतो.

जुन्या डोमेनबद्दल: 'व्हर्च्युअल_एलियस_मॅप्स' बघा. तिथे एक ओळ असेल, डावीकडे ॲट आणि जुनं डोमेन, उजवीकडे ॲट आणि नवं डोमेन.

खडूफळा | मंगळवार, रात्री ९.४०

आहे!! तुम्ही आमच्या सर्व्हरवर लॉगिन केलंयत का?

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ९.५२

नाही हो, सगळीकडे असते. दिसायला सुटसुटीत, पण अर्थ असा होतो की जुन्या डोमेनवरचा कुठलाही पत्ता 'सापडला'. दारावर उभा असलेला पोस्टफिक्स तेवढ्यावरच समाधान मानतो, पुढे नव्या डोमेनवर तो माणूस आहे का हे बघत नाही. यादीच्या पद्धतीत यावर इलाज म्हणजे ती ओळ काढून प्रत्येक पत्त्याची वेगळी ओळ लिहिणं, स्क्रिप्टनं. व्हेरिफिकेशनच्या पद्धतीत मात्र तपासणी शेवटच्या पत्त्यापर्यंत जाते, त्यामुळे तुमचं तसंही अडायला हवं होतं. अडत नाहीये, म्हणजे तुमच्या रिस्ट्रिक्शनमध्ये त्याच्या आधीच कुठेतरी परवानगी मिळतेय. क्रम इथे टाका.

खडूफळा | मंगळवार, रात्री १०.१८

क्रम असा: परमिट मायनेटवर्क्स (आपल्या नेटवर्कला परवानगी), रिजेक्ट अनऑथ डेस्टिनेशन, चेक रेसिपियंट अॅक्सेस, रिजेक्ट अनव्हेरिफाईड रेसिपियंट.

अॅक्सेसच्या फाईलमध्ये जुन्या डोमेनपुढे 'ओके' आहे. कोणी आणि का घातलं देव जाणे.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १०.२५

'ओके' म्हणजे इथेच तपासणी संपली, पुढचं काही बघायचं नाही. 'डनो' (माहीत नाही, पुढचं बघ) करा किंवा ओळच उडवा.

तिखटमीठ | बुधवार, सकाळी १०.०२

यादीचा रस्ता घेणाऱ्यांनो, तुमच्यासाठी दोन गोष्टी, कारण आमच्याकडे तोच आहे.

यादी अॅक्टिव्ह डिरेक्टरीतून (मायक्रोसॉफ्टची खात्यांची नोंदवही) काढायची तर 'प्रॉक्सीअॅड्रेसेस' हा गुण वाचा, नुसता 'मेल' नाही. एलियस आणि ग्रुपचे पत्ते तिथे असतात. मेलमन (मेलिंग लिस्टचा प्रोग्रॅम) चालवत असाल तर प्रत्येक मेलिंग लिस्टचे '-बाउन्सेस', '-रिक्वेस्ट', '-ओनर' हेही पत्तेच आहेत, ते राहिले तर ती लिस्ट आतून सडते आणि कळत नाही. 'पोस्टमास्टर' तर हवाच, नियम आहे. 'अब्यूज' सुद्धा ठेवा. नावापुढे अधिकचिन्ह लावून पत्ते वापरत असाल तर 'रेसिपियंट_डेलिमिटर' गेटवेवरही तोच असू दे.

दुसरी गोष्ट मोठी आहे. 'रिले_रेसिपियंट_मॅप्स' हे सेटिंग रिकामं असलं तर सगळे आत. सेटिंगमध्ये फाईलचं नाव आहे पण फाईल रिकामी असली तर सगळे बाहेर, तेही ५५० नं, कायमचे. रात्री क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) चालला, डिरेक्टरी बंद होती, स्क्रिप्टनं शून्य ओळींची फाईल लिहिली आणि पोस्टमॅपनं ती इमानदारीत पक्की केली, की सकाळी कंपनी मेलच्या नकाशावरून गायब. म्हणून आमची स्क्रिप्ट नवी फाईल बाजूला काढते, जुन्याशी ओळींची तुलना करते आणि दहा टक्क्यांहून जास्त घट दिसली तर बदल न करता माणसाला उठवते.

फाईल न काढता थेट डिरेक्टरीलाच, म्हणजे एलडॅपला, विचारलं तर हा धोका नाही. डिरेक्टरी बंद असेल तर पोस्टफिक्स ४५१ देतं, मेल थांबते, हरवत नाही. पण मग दारावरचा प्रत्येक बॉट तुमच्या डिरेक्टरीला प्रश्न विचारणार, हे धरून चाला.

नवशिक्या | बुधवार, सकाळी १०.४०

व्हेरिफिकेशनमध्ये उत्तर लक्षात ठेवतो म्हणालात. मग नवीन शिक्षक रुजू झाले, खातं दुपारी उघडलं, पण सकाळीच कोणी त्या पत्त्यावर मेल टाकून बसलं असेल तर?

रात्रपाळी | बुधवार, दुपारी १२.२०

'नाही' हे उत्तर तीन तासांनी शिळं धरलं जातं, त्यानंतर त्या पत्त्यावर मेल आली की तो पुन्हा विचारून बघतो. 'आहे' हे उत्तर सात दिवसांनी ताजं करतो. म्हणजे खातं बंद केलं तरी काही दिवस गेटवे त्याला ओळखत राहील. दोन्ही आकडे बदलता येतात, पण मुळातले बरे आहेत. फारच घाई असेल तर 'नाही' ची मुदत कमी करा.

मागच्या सर्व्हरवर ग्रेलिस्टिंग (अनोळखी सर्व्हरला आधी 'नंतर या' सांगणं) किंवा जोडण्यांची मर्यादा असेल तर गेटवेला त्यातून वगळा. आणि मागे कॅच-ऑल (प्राचार्य म्हणतात तसं नसलेल्या पत्त्यांची मेल गोळा करणारं खातं) नको. तो प्रत्येक पत्त्याला 'आहे' म्हणेल आणि हा सगळा खटाटोप पाण्यात.

हेच तंत्र बाहेरच्या प्रेषकांवर सरसकट लावू नका. 'रिजेक्ट_अनव्हेरिफाईड_सेंडर' नावाचं सख्खं भावंड आहे. ते लावलंत की येणाऱ्या प्रत्येक खोट्या पत्त्यासाठी तुम्ही तिसऱ्याचा सर्व्हर ठोठावत बसणार, आणि पुन्हा ब्लॅकलिस्टवर.

खडूफळा | बुधवार, संध्याकाळी ४.३५

'ओके' ची ओळ उडवली, जुनं डोमेन गप्प झालं. बाहेरच्या मशीनवरून पंचवीस पोर्टला टेलनेट करून बघितलं, नसलेल्या पत्त्याला लगेच नकार येतो. कॉलेजच्या आतून केलं तर येत नव्हता, मग लक्षात आलं की मायनेटवर्क्सला आधीच परवानगी आहे.

आता प्राचार्य. कॅच-ऑलचं काय सांगू?

म्हापसेकर | बुधवार, संध्याकाळी ५.१०

त्यांना विचारा, चुकलेला पत्ता टाकणाऱ्या पालकाला कधी कळायला हवं, त्याच मिनिटाला की क्लार्क ते खातं उघडेल तेव्हा?

डब्लिनकर | बुधवार, संध्याकाळी ५.४५

त्यांची काळजी खरी आहे, तिला उत्तर द्या. हे ४५० चे दिवस चाललेत ना, तोवर नाकारलेल्या पत्त्यांची यादी छापून त्यांच्यासमोर ठेवा. नव्वद टक्के तर यंत्रानं रचलेली नावं दिसतील. उरलेल्यांत माणसांच्या खऱ्या चुका सापडतील, आणि त्या ठरावीक असतात. अॅडमिशनमध्ये एक 'डी' जास्त, शेवटी 'एस' आहे की नाही. आपली आडनावं तर विचारू नका, चौधरी इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहितात! अशा दहा-वीस पत्त्यांचे एलियस करून टाका. कॅच-ऑलमधून जे मिळायचं ते मिळालं, कचरा वगळून.

तिखटमीठ | बुधवार, संध्याकाळी ६.०२

+१. आणि एलियसची फाईल कोणाच्या ताब्यात ते ठरवून घ्या.

खडूफळा | शुक्रवार, दुपारी ३.१५

यादी दाखवली. प्राचार्यांनी दोन पानं चाळली, एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, 'हे तर आपल्या परीक्षा विभागाचं'. परीक्षा विभागाच्या माहितीपत्रकावर पत्ता चुकीचा छापलाय, बरेच पालक त्यावरच पाठवताहेत. एलियस केला, कॅच-ऑल बारगळलं.

शेवटचा प्रश्न. निवृत्त झालेल्या प्राध्यापकांची खाती बंद केली आहेत. त्यांना अजून विद्यार्थी लिहितात. नुसतं 'यूजर अननोन' बरं दिसत नाही.

रात्रपाळी | शुक्रवार, संध्याकाळी ७.३०

'रिलोकेटेड_मॅप्स'. डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा. नकार दारातच जातो, पण ५.१.६ नं, 'यूजर हॅज मूव्ह्ड टू' आणि नवा पत्ता अशा मजकुरासकट. विद्यार्थ्याला आलेल्या बाउन्समध्ये सरांचा पत्ता दिसतो.

दिसतो म्हणजे कोणालाही दिसतो, बॉटलासुद्धा. तेव्हा ज्या सरांनी हो म्हटलंय त्यांचाच घाला. बाकीच्यांसाठी 'चेक_रेसिपियंट_अॅक्सेस' मध्ये ५५० देऊन पुढे 'सर निवृत्त झाले, विभागाच्या ऑफिसशी संपर्क करा' असा मजकूर टाका. तिथे तो रोमनमध्येच लिहा, देवनागरी टाकलीत तर समोरच्या सर्व्हरवर काय उमटेल याचा भरवसा नाही.